पूर ओसरल्यानंतरची वाट : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. गेल्या काही वर्षांत गढवाल, कुमाऊँ आणि नेपाळमध्ये अचानक आलेल्या पुरांनी गिर्यारोहकांच्या नेहमीच्या पायवाटा तोडल्या, पूल नेले, आणि पुढच्या मोसमाची आखणी करताना महाराष्ट्रातले गट आणि संस्था साहजिकच चिंतेत आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे सदर या एका विषयाला दिले आहे.

प्रश्न (नाशिक) : आमचा आठ जणांचा गट सप्टेंबरअखेर गंगोत्री, गोमुख, तपोवन असा जाणार आहे. वाटेतला एक पूल पुरात वाहून गेला होता असे ऐकले. आम्हाला नेणारी संस्था सांगते की पूल पुन्हा टाकला आहे आणि वाट सुरू आहे. एवढ्या आश्वासनावर निघावे का?

संस्था खोटे बोलत असेल असे मी म्हणणार नाही. पण ‘पूल टाकला आहे’ या शब्दांनी नाशिकमध्ये बसून तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते आणि वाटेवरच्या चीरबासा या ठिकाणाच्या अलीकडे-पलीकडे प्रत्यक्षात जे असते, त्यांत फार अंतर आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय निघू नये.

गंगोत्री ते गोमुख हे अंतर सुमारे १८ किलोमीटरचे आहे. साधारण नवव्या किलोमीटरला चीरबासा लागते, चौदाव्याला भोजबासा. वाट भागीरथीच्या उजव्या तीराने जाते, आणि वरच्या हिमक्षेत्रांतून उतरणारे ओढे तिला ठिकठिकाणी आडवे येतात. या ओढ्यांवरचे पूल म्हणजे दोन-तीन ओंडके, त्यांवर आडव्या फळ्या किंवा सपाट दगड, सगळे तारेने आवळलेले, आणि दोन्ही टोकांना धोंड्यांचा भार. हिवाळ्यातल्या हिमलोटांत किंवा पावसाळ्यात ते जातात आणि मोसम सुरू झाला की पुन्हा टाकले जातात. कोकणातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. त्यांच्या वाडीवरचा जुना लाकडी साकव याच जातीचा असे.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही अशाच एका ओढ्यापाशी पोहोचलो, तेव्हा पुढे चालणारा गावातला पोर्टर ओझे उतरवून ओंडक्याच्या टोकापाशी उकिडवा बसला. मला वाटले, तो ओंडका तपासतो आहे. तो पाहत होता ओंडक्याखालचा दगड. त्या दगडाच्या पाण्याकडच्या बाजूला ओल्या रेतीत हातभर रुंदीची ताजी खाच पडली होती. ओंडका शाबूत होता, तारा घट्ट होत्या, वरून पाहणाऱ्याला पूल अगदी भक्कम दिसला असता, पण ज्या दगडावर त्याचे टोक टेकले होते त्याच्या बुडाखालची रेती पाणी हळूहळू नेत होते. त्याने मागच्या दोघांना हाक मारली. तिघांनी मिळून ते टोक दोन हात मागे, कातळावर, ओढून घेतले, मोकळ्या जागेत धोंडे ठासले आणि मग आम्हाला एकेक करून सोडले. या सगळ्याला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात पुलाकडे कसे पाहावे हे मी जेवढे शिकलो तेवढे त्याआधीच्या अनेक मोहिमांत शिकलो नव्हतो.

जुलै २०२४ च्या सुरुवातीला याच वाटेवर चीरबासाजवळ देवगाड ओढ्याला पूर आला, लाकडी पूल गेला, दोन कावडयात्री वाहून गेले, आणि अडकलेल्या जवळपास चाळीस जणांना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी बाहेर काढले. त्याआधी जुलै २०१७ मधल्या मुसळधार पावसात मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या दगडगाळाने गोमुखासमोर पाणी अडवले आणि तिथली सगळी रचनाच बदलली. गोमुखाच्या माथ्यावरून हिमनदी ओलांडून तपोवनला चढायची जी वाट जुन्या गिर्यारोहकांना तोंडपाठ होती, तिच्यावर आता विसंबता येत नाही. बरेच गट भोजबासापाशी गरारीतून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, भागीरथी ओलांडतात आणि डाव्या तीराने वर जातात. शिवलिंग (६,५४३ मीटर) किंवा मेरूच्या चढाईसाठी तपोवनला तळछावणी लावणाऱ्यांचे सगळे सामान या एका तारेवरून पलीकडे जाते. पाळण्यात बसून दोर हाताने ओढत पलीकडे जाताना खाली पाहू नये असे नवख्यांना सांगतात. मी सांगेन की बसण्याआधी वर पाहावे : तार ज्या खांबाला बांधली आहे तो खांब कशात रोवला आहे आणि त्याच्या पायथ्याची माती ताजी खचलेली आहे का, हे आधी पाहावे.

गंगोत्रीपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न वेगळाच आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगाडमधून आलेल्या लोंढ्याने धराली गाव गाडले गेले, आणि त्याच दिवसांत गंगनानीजवळचा लिमचागाडवरचा रस्त्याचा पूलही गेला. तिथे काही दिवसांतच लोखंडी बेली पूल, म्हणजे तयार भाग जोडून झटपट उभारायचा पूल, उभा राहिला, पण तोवर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंसह शेकडो माणसे वरच्या बाजूला अडकून पडली होती. यापुढे गंगोत्रीचा कार्यक्रम आखताना परतीची गाडी शेवटच्या दिवसाची काढू नये. मधे तीन दिवस मोकळे ठेवावेत.

तेव्हा संस्थेला ‘पूल आहे का’ एवढेच विचारून थांबू नका. शेवटचा गट कोणत्या तारखेला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पलीकडे गेला, पुलाची टोके कातळावर आहेत की पुराने आणून टाकलेल्या गाळावर, गरारी चालू आहे का आणि तिची देखभाल कोण करते, आणि पूल नसेल तर गट किती दिवस थांबेल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘तशी वेळ येणार नाही’ असे उत्तर आले, तर मी तरी त्या संस्थेबरोबर जाणार नाही.

प्रश्न (पुणे) : पूर येऊन महिना उलटला, आकाश निरभ्र आहे, नदी पूर्वीसारखीच वाहते आहे असे छायाचित्रांत दिसते. तरीही जाणकार लोक वाट धोक्याची का म्हणतात?

पाणी उतरले तरी पुराने आणलेले दगड आणि गाळ तिथेच असतात, आणि छायाचित्रात नेमके तेच कळत नाही.

डोंगरातल्या अचानक आलेल्या पुरात पाण्याइतकेच, काही वेळा पाण्यापेक्षा जास्त, दगड, रेती आणि झाडे असतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि तो जेवढा धोंडा ढकलू शकतो त्याचे वजन ढोबळ नियमाने चौसष्टपट वाढते. म्हणूनच एरवी गुडघाभर पाण्याच्या ओढ्यात पुरानंतर खोलीएवढा धोंडा येऊन बसलेला दिसतो. नदीचा उतार जिथे मंदावतो तिथे हा सगळा माल पडतो आणि पात्राचा तळ वर येतो. ज्या पुलाखाली पूर्वी तीन पुरुष उंचीची मोकळी जागा होती तिथे एक पुरुष उरते. पूल जुनाच, जागा जुनीच, पाणीही नेहमीइतकेच दिसते, पण पुढच्या साध्या पावसातही ते पुलाला लागू शकते. पुरानंतर पुलापाशी गेल्यावर मी सगळ्यांत आधी पुलाच्या तळापासून पात्रापर्यंतची जागा डोळ्यांनी मोजतो.

दुसरी गोष्ट काठाची. पुराने काठ खालून पोखरलेला असतो आणि वर पायवाट जशीच्या तशी, गवतासकट, टिकून असते. अशा ठिकाणी वाटेच्या दरीकडच्या कडेला पाय पडला की वाट माणसासकट खाली जाते. खेचरे सवयीने बाहेरच्या कडेने चालतात, त्यामुळे त्यांच्या ओझ्याने आधीच भेगा पडलेल्या असतात. पुरानंतरच्या वाटेवर डोंगराच्या अंगाने चालावे, खेचर आले तर आपण डोंगराला पाठ लावून उभे राहावे आणि त्याला बाहेरून जाऊ द्यावे. हा नियम एरवीही पाळायचाच असतो. पुरानंतर तो विसरला तर सावरायला संधी मिळत नाही.

तिसरी गोष्ट वरच्या उताराची. हिमनदीने सोडलेला दगडमातीचा ढिगारा पावसाने भिजला की काही आठवडे, कधी काही वर्षे, थोडा थोडा घसरत राहतो. केदारनाथचे उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे. १६ आणि १७ जून २०१३ च्या अतिवृष्टीत, आणि चोराबारी तलाव फुटल्यावर आलेल्या लोंढ्यात, पाच हजारांहून अधिक माणसे गेली. गौरीकुंडाहून निघालेल्या १४ किलोमीटरच्या वाटेवरचे रामबाडा हे विसाव्याचे ठिकाण नकाशावरून पुसले गेले. पूर्वीची वाट रामबाड्याहून गरुडचट्टीच्या बाजूने जात असे. तो उतार इतका खिळखिळा झाला होता की नवी वाट मंदाकिनी ओलांडून समोरच्या अंगाने, लिनचोलीवरून काढावी लागली आणि अंतर १६ किलोमीटर झाले. हे काम उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेने, बर्फात आणि विरळ हवेत, कर्नल अजय कोठियाल यांच्या नेतृत्वाखाली केले. गिर्यारोहणाचे शिक्षण शिखरांपलीकडेही किती उपयोगी पडते याचे याहून मोठे उदाहरण मला आपल्या देशात दिसत नाही. आणि तरीही ३१ जुलै २०२४ च्या रात्रीच्या पावसात भीमबली आणि लिनचोली या पट्ट्यात हीच नवी वाट अनेक ठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना, काहींना हेलिकॉप्टरने, बाहेर काढावे लागले. नवी वाट चुकीच्या जागी काढली असा याचा अर्थ मी लावत नाही. त्या खोऱ्यात वाट दर वर्षी तपासावी आणि दुरुस्त करावीच लागणार, हे गृहीत धरून चालावे.

प्रश्न (चेंबूर) : आम्ही पावसाळा टाळून जातो. मग पुराची भीती कितपत बाळगावी?

पावसाळा टाळल्याने धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. हवामान खाते ज्याला ढगफुटी म्हणते, म्हणजे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस, ती बहुधा पावसाळ्यात होते. पण डोंगरातला पूर ढगफुटीनेच येतो असे नाही. १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ या दिवसांत, म्हणजे आपले गट ‘आता आकाश स्वच्छ’ म्हणून निघतात त्याच मोसमात, कुमाऊँत एवढा पाऊस झाला की मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटरची नोंद झाली. पिंडारी हिमनदीच्या वाटेवर पिंडर आणि काफनी या नद्यांच्या संगमावरच्या द्वालीला पर्यटक अडकून पडले, आणि जवळच्या सुंदरढुंगा खोऱ्यात हिमवृष्टीत ट्रेकर दगावले. द्वालीचे पूल २०१३ च्या पुरातच गेले होते आणि त्यानंतर तिथला कारभार मोसमापुरत्या लाकडी पुलांवर चालला होता.

पाऊस अजिबात नसतानाही पूर येतो. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी, लख्ख उन्हात, चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या कड्यातून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळले, त्यांचा चिखलाचा लोंढा होऊन ऋषिगंगा आणि धौलीगंगेतून उतरला, दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि रैणी गावाजवळचा रस्त्याचा पूल गेल्याने पलीकडची गावे तुटली. चिपको आंदोलनाची रैणी ती हीच.

नेपाळच्या खुंबू, म्हणजे एव्हरेस्टच्या, भागात धोका हिमतलावांचा, म्हणजे हिमनदीच्या पाण्याने साठलेल्या तलावांचा, आहे. ४ ऑगस्ट १९८५ रोजी दिग त्शो हा तलाव फुटला. त्याच्या पाण्याने जवळजवळ पूर्ण झालेला जलविद्युत प्रकल्प आणि खालचे १४ पूल नेले. त्याच खोऱ्यातल्या थामे गावावर १६ ऑगस्ट २०२४ रोजी पुन्हा तलाव फुटून पाणी आले. शाळा, दवाखाना, घरे गेली. पूर भरदिवसा आला म्हणून लोक पळू शकले आणि जीवितहानी झाली नाही. हाच लोंढा रात्री आला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. थामे हे रेंजो ला आणि ताशी लाप्चा या खिंडींच्या वाटेवरचे गाव असल्याने आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे मुक्काम करतात. त्यांना एवढेच सांगेन की नदीकाठच्या सपाटीवर तंबू लावण्याचा मोह आवरा. ती सपाटी बहुतेक वेळा आधीच्या कुठल्यातरी पुरानेच तयार केलेली असते.

खुणा लक्षात ठेवा. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात ओली पाने आणि मुळासकट झुडपे येणे, नदीच्या आवाजात दगडांचा खोल, ढोलासारखा ठोका मिसळणे, ओल्या मातीचा तीव्र वास येणे. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे भर दुपारी पाणी अचानक कमी होणे. नवखा माणूस याला ओलांडण्याची संधी समजतो. वर कुठेतरी दरड पडून पाणी अडले असण्याची शक्यता असते, म्हणून अशा वेळी सामान तिथेच टाकून उंचावर जावे.

प्रश्न (कोल्हापूर) : मी महिलांचा एक गट घेऊन जाते. समजा पूल वाहून गेला आहे, पलीकडे अर्ध्या तासावर मुक्काम आहे आणि अंधार पडायला तीन तास आहेत. ओलांडावे की थांबावे?

थांबावे. ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराचे कारण आहे. अंधार पडायला तीन तास म्हणजे दुपारचे साडेतीन-चार वाजले आहेत, आणि बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्याला दिवसातले सर्वांत जास्त पाणी साधारण त्याच सुमारास आणि संध्याकाळी असते. रात्री वर गारठले की वितळणे मंदावते आणि पहाटे तोच ओढा निम्म्यावर येतो. कित्येकदा संध्याकाळी अशक्य वाटणारे पाणी पहाटे पाचला बूट भिजवण्यापुरते उरलेले मी पाहिले आहे. म्हणून अलीकडे, पाण्यापासून दूर आणि उंच, मुक्काम करावा. काठाशी एका दगडावर पाण्याची खूण करून ठेवावी आणि दर तासाने ती पाहावी.

हे पावसाच्या पुराला लागू नाही. पाऊस चालू असेल तर पहाटही भरवशाची नाही. मग पाऊस थांबून पाणी उतरेपर्यंत दिवस मोजत बसावे लागते, आणि त्यासाठीच राखीव दिवस आणि राखीव शिधा सोबत हवा. मी दर चार दिवसांच्या चालीमागे एक दिवस राखीव धरतो आणि दोन दिवसांचा डाळ-तांदूळ जास्त नेतो. ते ओझे प्रत्येक वेळी नको वाटते, तरी मी ते कधी कमी केलेले नाही.

ओलांडायचेच झाले, तर ओढा जिथे पसरून दोन-तीन फाट्यांत वाहतो ती जागा निवडा. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. ओलांडण्याच्या जागेच्या खाली धबधबा, अडकलेली झाडे किंवा घळ नसावी. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येईल. बूट काढू नका. अनवाणी पाय गोट्यांवर ठरत नाही आणि गारठ्याने काही क्षणांत बधिर होतो. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाऊल. तिघी-चौघींनी एकमेकींचे खांदे धरून, सर्वांत दणकट बाईला प्रवाह येतो त्या अंगाला ठेवून एकत्र जाणे एकटीने जाण्यापेक्षा सुरक्षित असते. वाहत्या पाण्यात शिरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याचे दुसरे टोक झाडाला पक्के बांधू नका. पाय सुटला तर तोच दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. पाणी मांडीच्या वर असेल, तळ दिसत नसेल किंवा दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर यातले कुठलेही तंत्र कामाचे नाही. तेव्हा मागे फिरावे.

तुमच्या गटात कुणी ‘एवढे आलो आहोत तर’ म्हणणार हे ठरलेले आहे. नेतृत्व करणारीने निघण्याआधीच, मुंबई-पुण्याच्या बैठकीतच, सर्वांसमोर सांगून ठेवावे की पाण्याबाबतचा निर्णय मतदानाने होणार नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : दर वर्षी वाहून जाणारे लाकडी पूल पुन्हा पुन्हा टाकण्यापेक्षा एकदाच पक्के लोखंडी पूल का बांधत नाहीत?

मोठ्या नद्यांवर बांधायलाच हवेत, आणि नेपाळने ते करून दाखवले आहे. तिथे डोंगरी गावांना जोडणारे तारांचे झुलते पूल हजारोंच्या संख्येने आहेत, आणि पुराच्या माहीत असलेल्या सर्वांत उंच खुणेपासून पुलाच्या तळापर्यंत निदान ५ मीटर मोकळी जागा ठेवण्याचा तिथला दंडक आहे. खुंबूतल्या नामचे गावाच्या मोठ्या चढाआधी दूधकोसी नदीवर एकाच्या वर एक असे दोन पूल दिसतात. खालचा जुना आता वापरात नाही, वरचा कितीतरी उंचावर आहे आणि त्याच्या तारांना बांधलेल्या पताका आणि खाता, म्हणजे शुभेच्छेची वस्त्रे, वाऱ्यावर सतत फडफडत असतात. तिथून खाली पाहिले की पुराला जागा सोडणे म्हणजे काय ते कळते.

पण लहान ओढ्यांबाबत माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. चीरबासासारख्या ठिकाणी ओढा दर काही वर्षांनी पात्र बदलतो. पक्का पूल बांधला आणि ओढा पन्नास पावले सरकला, तर पूल कोरड्यावर उभा राहतो आणि लोखंड, सिमेंट, खेचरांनी वाहून आणलेली वाळू, सगळे वाया जाते. पूल प्रवाहाच्या मधेच आला तर त्यात झाडे आणि धोंडे अडकून मागे पाणी तुंबते आणि मग एकदम सुटते. दोन माणसांनी उचलून मागे घेता येईल असा ओंडक्यांचा पूल तिथे जास्त शहाणपणाचा आहे, फक्त तो वेळेवर टाकणारी आणि रोज तपासणारी माणसे पगारावर हवीत. आपल्याकडे पूल बांधायला पैसे मिळतात, तपासायला मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

पक्क्या पुलाचीही देखभाल सुटली तर काय होते ते आपण घराजवळच पाहिले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. तो पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. सह्याद्रीत जाणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी : पुलावर एका वेळी मोजकीच माणसे, मधे थांबायचे नाही, छायाचित्रे पलीकडे गेल्यावर. आणि वाट पक्की, दगडी आहे म्हणून ती पाण्यापासून सुरक्षित असते असेही नाही. ७ जुलै २०२४ रोजी रायगडाच्या पायऱ्यांवरून धबधब्यासारखा लोंढा उतरला तेव्हा शेकडो वर्षे टिकलेल्या त्या वाटेवर माणसे भिंतीला आणि कठड्याला धरून जीव मुठीत घेऊन उभी होती.

प्रश्न (सोलापूर) : संपर्कासाठी परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन न्यावा का?

नाही. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे बेकायदा आहे आणि उत्तराखंडात त्यासाठी पर्यटकांना पकडल्याच्या घटना झाल्या आहेत. आणीबाणीचा ११२, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि राज्य कक्षाचा १०७० हे क्रमांक गटातल्या प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेले असावेत. जिथे मोबाइल चालत नाही तिथे चौकीवर तुमची नावे आणि परतीची तारीख नोंदवलेली असणे हाच संपर्क.

प्रश्न (ठाणे) : आमच्या संस्थेने त्या भागातून अनेक वर्षे आनंद घेतला आहे. स्वखर्चाने जाऊन एखादा पूल बांधून द्यावा असे सदस्यांना वाटते. हे करता येईल का?

तुमची भावना मोलाची आहे, पण पूल बांधायला जाऊ नका. गंगोत्रीची वाट राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे दिवसाला १५० माणसांनाच परवाना मिळतो, लाकूड तोडता येत नाही, आणि कुठला दगड धरतो, कुठला सुटतो हे बाहेरच्या माणसाला कळायला एक मोसम पुरत नाही. शिवाय चुकीच्या जागी टाकलेला पूल नसलेल्या पुलापेक्षा घातक असतो, कारण मागून येणारा त्यावर विश्वास ठेवतो.

करण्यासारखे पुष्कळ आहे. पूल गेला की आपला एक ट्रेक बुडतो, तिथल्या पोर्टरचा आणि खेचरवाल्याचा मोसम बुडतो, वरच्या कुरणातला मेंढपाळ कळपासह पलीकडे अडकतो, गावातले आजारी माणूस खाली आणता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट, वाट अडल्यामुळे जितके दिवस थांबावे लागेल तितक्या दिवसांची पूर्ण मजुरी पोर्टरांना द्या आणि तसे निघण्याआधीच ठरवा. थांबण्याच्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत म्हणून भरल्या पाण्यात ओझ्यासह उतरणारे पोर्टर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे कोरड्या काठावर उभे राहून ‘जमेल ना’ असे विचारणारे आपलेच लोकही. दुसरी गोष्ट, खाली आल्यावर वन खात्याच्या चौकीत प्रत्येक पुलाची अवस्था तारीख, वेळ आणि छायाचित्रासह लेखी द्या. मागच्या गटाला आणि दुरुस्ती करणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. तिसरी गोष्ट, स्थानिक तरुणांना गिर्यारोहणाच्या किंवा शोध आणि बचावाच्या प्रशिक्षणासाठी तुमच्या निधीतून पाठवता आले तर जरूर पाठवा.

आमच्या गटाने त्या ओढ्यावरच्या अर्ध्या तासानंतर मोहिमेच्या अंदाजपत्रकात ‘वाट’ असा एक वेगळा रकाना घातला. दर माणशी दोन दिवसांच्या जेवणाइतकी ती रक्कम असते. वाटेत ज्याने पूल सावरला, पायऱ्या खोदल्या किंवा दोर धरला त्याच्या हातात ती त्याच दिवशी, त्याच जागी दिली जाते. पहिल्यांदा ती देऊ केली तेव्हा ओंडका मागे ओढणाऱ्या त्या पोर्टरने विचारले की हे कशाचे, आणि सांगितल्यावर त्याने त्यातले दोन वाटे करून मागच्या दोघांना दिले.